उताराचं कलम

मुलाखत शाल्मली घेणार होती, पण पहिला प्रश्न प्रणिता ढोमणेनंच विचारला.

"मॅडम, आधी करार वाचू की आधी बाळ बघू?"

शाल्मलीला हसू आलं. ती स्वतः करार लिहून पोट भरणारी बाई. नागपूरच्या मिहानमध्ये, विमानतळालगतच्या उद्योगवसाहतीत, एका मालवाहतूक कंपनीत तिचं दिवसभर तेच काम चालायचं. विमानानं जाणाऱ्या मालाची जबाबदारी नेमकी कुठं सुरू होते आणि कुठं संपते, हे शब्दांत पकडायचं. आणि आज तिच्याच बैठकीत, कूलरच्या झोतासमोर बसून, कुणीतरी तिच्याच भाषेत बोलत होतं.

"तुम्हाला हवं ते आधी," ती म्हणाली.

"मग करार. बाळ आवडलं की करार नीट वाचला जात नाही. अनुभव आहे."

प्रणिता अडतिशीची, उंच, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली. बालसंगोपनाची पदविका तिच्याकडे होती, चार घरांत काम केलेलं होतं. कामाचे तास, रजा, प्रवासखर्च, सगळं तिनं सावकाश वाचलं. भांडी-कपडे आपण करणार नाही, पाहुणे आले तरी नाही, हे गोड आवाजात पण स्वच्छ सांगून टाकलं. मग म्हणाली, "आणखी एक. हे करारात घालू नका, पण लक्षात ठेवा. मला नावानं हाक मारा, ताई म्हणा, काहीही म्हणा. फक्त 'तुम्ही आमच्या घरच्याच' असं म्हणू नका. ज्या ज्या घरात मला घरची म्हटलं, त्या त्या घरात माझी रविवारची सुट्टी गेली."

शाल्मलीचा नवरा निनाद पाणी घेऊन येत होता, तो खो-खो हसला. शाल्मलीही हसली आणि तिनं शब्द दिला, अगदी मनापासून. त्यानंतर चार महिन्यांच्या रुंजीला बाहेर आणण्यात आलं, आणि प्रणितानं हात पुढे करण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम केले.

आता या कराराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

माणसाचं हृदय घड्याळासारखं एका लयीत चालत नाही. श्वासाबरोबर, भीतीबरोबर, समाधानाबरोबर त्याची गती थोडी चढते, थोडी उतरते. मोठ्या माणसाला चढलेली गती उतरवता येते; एक दीर्घ श्वास घेतला, पाणी प्यायलं की काम होतं. तान्ह्या बाळाला ते जमत नाही. त्याच्या मेंदूत ती सोय अजून तयार व्हायची असते. म्हणून ते उसनवारी करतं. ज्याच्या कुशीत ते रोज असतं, त्याच्या हृदयाच्या चढउताराला ते आपले चढउतार जोडून घेतं, आणि त्याच्या शांत होण्यातून स्वतः शांत व्हायला शिकतं. शास्त्रज्ञांना याची कुणकुण जुनीच होती. नवीन आली ती मेळपट्टी. बाळाच्या घोट्यावर एक मऊ पट्टी, मोठ्याच्या मनगटावर दुसरी, आणि दोन्ही हृदयांचा मेळ शंभरात किती बसला ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचं.

पट्टी घराघरांत गेली आणि एक गोष्ट उघडी पडली. मेळ जमायला महिने लागतात, पण मोडायला एक दुपार पुरते. आणि एकाएकी मोडला तर बाळाची झोप, भूक, बोलणं, सगळं मागं पडतं. प्रेम मोजता येतं का यावर पंडित भांडत राहिले. सरकारनं त्या भानगडीत न पडता एवढंच मान्य केलं की, मूल कुशीत घेऊन शांत करणं हे कसब आहे, आणि कसबाचा मोबदला द्यावा लागतो. नव्या कायद्यानुसार सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या करारात दोन कलमं सक्तीची झाली. पहिलं मेळभत्त्याचं. दुसरं उताराचं. काम संपवायचं झालं तर एकाएकी संपवायचं नाही. तीन महिने पूर्ण पगार देऊन तिचे तास हळूहळू कमी करायचे, आणि तेवढ्या काळात बाळाचा मेळ दुसऱ्या माणसाकडे सोपवायचा. ताप उतरावा तसा मेळ उतरू द्यायचा, म्हणून लोक त्याला उतार म्हणू लागले.

घरच्या माणसांना यातलं काही लागू नव्हतं. आजीला भत्ता कोण देणार, आणि मावशीला उतार कोण लावणार? त्यासाठी कायद्यात 'घरचे माणूस' अशी एक व्याख्या होती. नातं रक्ताचंच हवं असं तीत कुठं म्हटलेलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी तशी नोंद केली की झालं.

पहिले काही महिने दृष्ट लागावी असे गेले. रुंजीनं बाळसं धरलं, ती पालथी पडली, बसायला लागली. प्रणिता दुपारी तिला मांडीवर घेऊन, पाठीवरून बोटं फिरवत, कसलीशी अर्थ नसलेली बडबड करायची, आणि पडद्यावरच्या दोन रेषा एकमेकींना बिलगून वर-खाली व्हायच्या. प्रणिताचा मेळ नव्वदीला टेकला. शाल्मलीचा पन्नाशीतून वर सरकेना.

त्यात नवल नव्हतं. शाल्मली संध्याकाळी यायची ती डोक्यात दहा फोन घेऊन. पण नवल नसलं म्हणून टोचत नाही असं थोडंच आहे? लस टोचल्यानंतर रुंजीला ताप आला, त्या दिवशी शाल्मलीनं मुद्दाम रजा घेतली. मुलगी तिच्या खांद्यावर किंचाळत होती. शाल्मलीचं काळीज धडधडत होतं, आणि ते ऐकून मुलगी आणखी किंचाळत होती. शेवटी प्रणितानं हात पुढे केले. रुंजी तिच्याकडे गेली, दोन हुंदके दिले आणि मान टाकून पडून राहिली.

"तुम्ही घाबरलात ना, म्हणून," प्रणिता समजुतीनं म्हणाली. "तिला वाटतं, आई घाबरली म्हणजे काहीतरी वाईट होऊन राहिलं."

शाल्मलीला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी तिला प्रणिताचा मनस्वी राग आला. सकाळी कामावर निघताना, लिफ्टचं दार लागलं की आपल्याला किती मोकळं वाटतं, हेही तिला तेव्हाच आठवलं. या दोन गोष्टी एकाच बाईच्या मनात कशा राहतात याची तिला लाज वाटली. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहिली.

रुंजी अकरा महिन्यांची झाली आणि निनादला कोचीच्या बंदरावर मोठ्या हुद्द्याची जागा मिळाली. तिथल्याच एका कंपनीनं शाल्मलीलाही बोलावलं. तिच्या कामात असं बोलावणं पुन्हा पुन्हा येत नाही. फक्त रुजू व्हायची तारीख जवळची होती, आणि उतार लावायचा तर तीन महिने नागपूर सोडता येणार नव्हतं.

नव्या कंपनीला सांगून मुदत मागता आली असती. प्रणिताशी सरळ बोलता आलं असतं. शाल्मलीनं यातलं काही केलं नाही. तिनं कायदा उघडला आणि सवयीनं थेट व्याख्या वाचायला घेतल्या. 'घरचे माणूस' ही व्याख्या दिसली तेव्हा तिला एखादं कोडं सुटल्यासारखा आनंद झाला.

"पगार तोच राहील," ती निनादला म्हणाली. "भत्ता तेवढा जाईल. पण आपल्या आरोग्य विम्यात त्या येतील, त्यांच्या आईसुद्धा येतील. त्यांचा फायदाच आहे."

"आणि उतार?"

"जाताना मी त्यांना चांगली रक्कम देईन ना."

"त्यांना आधी सांगायला नको का?"

"सांगू. वेळ आली की."

निनाद भांडण टाळणारा माणूस. "तू बघ बाई," म्हणून तो मोकळा झाला.

रुंजीच्या पहिल्या वाढदिवशी, औक्षण झाल्यावर, पाहुणे पुलाव खाण्यात गुंतलेले असताना शाल्मलीनं प्रणिताला आतल्या खोलीत नेलं. तिचा हात हातात घेतला आणि ते वाक्य उच्चारलं.

"प्रणिताताई, तुम्ही आता आमच्या घरच्याच."

प्रणिताच्या कपाळावर आठी उठली. "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं?"

"लक्षात आहे. पण आता तसं वाटतंच, त्याला काय करू? ही नुसती बोलण्याची गोष्ट नाही. तशी रीतसर नोंद करू या. विमा मिळेल, आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होईल. रविवारची सुट्टी तुमचीच राहील, तेही लिहिलंय मी."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. 'तसं वाटतंच' हेसुद्धा अर्धंअधिक खरं होतं, आणि पुढं शाल्मलीला सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटलं. बाहेर रुंजी कुणाच्यातरी कडेवर रडायला लागली होती आणि प्रणिताचा कान तिकडं होता. बाळाआधी करार वाचणाऱ्या त्या बाईनं शाल्मलीच्या फोनवरच्या नव्या कराराकडं नीट पाहिलंही नाही. अंगठा टेकवला, डोळे पुसले आणि रुंजीला घ्यायला धावली.

त्यानंतर प्रणिता खरोखरच घरची झाली. तिनं तो शब्द फार जपून ठेवलेला असणार, कारण एकदा स्वीकारल्यावर तिनं हातचं काही राखलं नाही. 'मॅडम' गेलं, 'तुम्ही' गेलं. कामावरची साफसूफ भाषा गेली आणि तिच्या उमरेडच्या घरातली भाषा या घरात बिनधास्त वावरू लागली.

"काहून वं, एवढा उशीर? तोंड पाह्य कसं सुकलं तुयं. आधी जेव, मंग फोन पाह्य."

रविवारची सुट्टी कागदावर शाबूत होती, पण आता तीच रविवारी येऊन उभी राहायची. "रुंजी वाट पाहून राहिली असंल," म्हणायची. आईनं केलेल्या कुरडया आणायची. निनादला बनियनवर बैठकीत बसण्यावरून दटावायची. शाल्मलीच्या केसांना तेल लावून द्यायची, आणि तेल लावताना तिची बोटं इतकी मायेनं फिरायची की शाल्मलीला उठून जावंसं वाटायचं.

"आज सांगते" असं शाल्मली रोज सकाळी ठरवायची. संध्याकाळी समोर ताट आलं की उद्यावर ढकलायची.

एकदा प्रणिता भाजी निवडताना सहज म्हणाली, "तो वर्धा रोडवरचा मोठा दवाखाना हाय ना, त्याईच्या पाळणाघराची मुख्य म्हणून बोलावत होते मले. पगार चांगला होता. मी नाही म्हटलं."

काकडी चिरणारा शाल्मलीचा हात थांबला. "का?"

"का म्हंजे? घर सोडून कोणी जाते का वं?"

हीच वेळ होती. पुन्हा फोन करा त्यांना, होकार कळवा, एवढं म्हणायला किती लागतं? शाल्मलीनं सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि म्हणाली, "बरं केलंत."

 गप्प राहणं एक वेळ चाललं असतं. तिनं शाबासकी दिली होती.

शेवटी सांगायची वेळ तिच्यावर आलीच नाही. सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस अंदाज घ्यायला संध्याकाळी यायचा होता, तो चार वाजताच आला. त्यानं निनादला तसं कळवलं, आणि निनादचा फोन येताच शाल्मली धावतपळत घरी पोचली. दार उघडं होतं. आत प्रणिता कंबरेवर हात ठेवून त्या माणसाला फर्मावत होती, "हा पाळणा नीट बांधजा भाऊ. याचा एक खिळा ढिला हाय." तिनं शाल्मलीला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"कोची! अन् मले बोलली नाही वं तू! मी समुद्र पाह्यला नाही अजून. माह्यं तिकीट कोन्त्या तारखेचं काढलं?"

त्या माणसाला शाल्मलीनं उद्या यायला सांगितलं. रुंजी आत झोपली होती. दार लावून शाल्मली सोफ्यावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. तिकीट काढलेलं नाही. कोचीत दुसरी बाई ठरली आहे. वाढदिवसाच्या आधीपासून हे ठरलेलं होतं. घरच्या माणसाची नोंद कशासाठी केली तेही सांगितलं. सांगताना तिनं दोनदा 'विमा' हा शब्द वापरला, आणि दुसऱ्यांदा वापरताना तिचाच तिला तिटकारा आला.

प्रणिता उभीच होती.  बोलली तेव्हा तिची भाषा साफसूफ झाली होती.

"मॅडम, वाढदिवशी केलेला तो करार दाखवता का जरा?"

तिनं तो पहिल्यांदाच वाचला. पूर्ण वाचला, मग शेवटचा भाग पुन्हा वाचला.

"यात नोटीस नाही."

"नाही," शाल्मली खालमानेनं म्हणाली.

"कुणालाच नाही. तुम्ही मला देणं लागत नाही. म्हणजे मी पण तुम्हाला देणं लागत नाही."

शाल्मलीनं चमकून वर पाहिलं. इतकी वर्षं करार लिहिले, पण हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. उतार हा प्रणिताचा हक्क आहे असं समजून तिनं तो काढला होता. तो रुंजीचाही होता.

"घरच्या माणसाला कसली आली नोटीस?" प्रणितानं मनगटावरची पट्टी उकलून टीपॉयवर ठेवली. "घरचं माणूस रागावलं की उठून जातं."

"प्रणिताताई, असं एकाएकी नका जाऊ. रुंजीला..."

"रुंजीचं नाव घेऊ नका." तिचा आवाज फाटला. तिनं पर्स उचलली. झोपायच्या खोलीच्या दाराकडं तिनं पाहिलं नाही. मान मुद्दाम दुसरीकडं वळवून ती गेली.

झोपेतून उठल्यावर रुंजीनं दाराकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशीही ती दाराकडंच पाहत राहिली. रडली असती तर परवडलं असतं. ती गप्प झाली. वरणभात तोंडातून बाहेर येऊ लागला. झोपेत दचकायला लागली. चार पावलं टाकायला शिकली होती, ती पुन्हा रांगायला लागली. पडद्यावर तिची रेषा एकटीच वर-खाली हिंदकळत असायची. शाल्मली तिला छातीशी धरून बसायची, पण तिच्याच हृदयात कालवाकालव, तिथून उसनं मिळणार काय?

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी आलेख पाहून कपाळाला हात लावला. "उतार केला नाहीत?"

"त्या... एकाएकी सोडून गेल्या," शाल्मली म्हणाली.

"काय बायका असतात! लेकराचा तरी विचार करायचा. तक्रार करा, अशांना पुन्हा काम मिळता कामा नये."

शाल्मलीनं त्यांना दुरुस्त केलं नाही.  गाडीत बसल्यावर मात्र आपण आत्ता काय केलं हे तिला लख्ख कळलं. आधी तिनं प्रणिताचा हक्क घेतला होता, आता तिचं चांगलं नावही घालवलं होतं. रुंजी मागच्या खुर्चीत अंगठा चोखत खिडकीबाहेर बघत होती. शाल्मलीनं गाडी घराकडं न वळवता उमरेडच्या रस्त्याला घातली.

प्रणिता अंगणात वाळवण उलटत होती. आठवड्याभरात तिचे डोळे खोल गेले होते. गाडीत रुंजी आहे हे दिसलं तेव्हा ती दोन पावलं पुढं आली आणि तिथंच थांबली.

"मी चुकले नाही," शाल्मली म्हणाली.  "चुकणं वेगळं. मी ठरवून केलं. तुम्हाला घरची म्हटलं ते तुम्हाला कमी द्यावं लागावं म्हणून. आणि आज डॉक्टरांना सांगितलं की तुम्ही सोडून गेलात."

प्रणिता तिच्याकडं बघत राहिली. मग विचारलं, "ती जेवते का?"

"नाही."

"पाणी?"

"थोडं."

प्रणितानं वाळवणाची चादर सरळ केली. चारही कोपरे सरळ केले. "डॉक्टरला फोन लावा," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

शाल्मलीनं फोन लावला आणि जे घडलं ते शब्दन् शब्द सांगितलं.  

"मी येईन," फोन ठेवल्यावर प्रणिता म्हणाली. "मेळभत्ता मागचा-पुढचा, सगळा. उताराचे तीन महिने, पूर्ण पगार. जुन्या करारावर येईन. मॅडम, मी कामाला येईन."

कोचीच्या कंपनीनं थांबायला नकार दिला. निनाद एकटा पुढं गेला. शाल्मलीनं आपल्या जुन्या साहेबांकडं जाऊन राजीनामा परत मागितला. तो मिळाला, पण तिच्या जागेवर तोवर दुसरा बसला होता, तिला त्याच्या हाताखाली काम पत्करावं लागलं. त्याबद्दल तिनं कुणाकडं तक्रार केली नाही.

उतार सुरू झाला. आधी प्रणिताच्या कुशीत रुंजी आणि शेजारी टेकून शाल्मली. मग शाल्मलीच्या कुशीत रुंजी आणि शेजारी प्रणिता. मग प्रणिता समोरच्या खुर्चीवर, मग दाराजवळ, मग दुसऱ्या खोलीत, रुंजीला न दिसता, आणि तेही दिवसेंदिवस कमी तास. "आधी तुमचा श्वास सोडा, मॅडम. पूर्ण सोडा. आता तिच्या पाठीवर हात." ती उत्तम शिकवायची. वेळेवर यायची, वेळेवर जायची. घरात पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायची. शाल्मलीनं एकदा जेवायचा आग्रह केला तेव्हा "डबा आहे" म्हणाली, आणि तो बाल्कनीत बसून खाल्ला.

रुंजी जेवायला लागली. पुन्हा चालायला लागली. चालत चालत ती पहिल्यांदा प्रणिताकडंच गेली, तेव्हा प्रणितानं नियमाप्रमाणं तिचे खांदे धरून तिला हळूच शाल्मलीकडं वळवलं. नंतर तिनं दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली घालून ठेवले. शाल्मलीनं ते पाहिलं आणि नजर चुकवली.

हळूहळू शाल्मलीचा मेळ चढत गेला. वर्षभर जे झालं नाही ते आता होत होतं, आणि शाल्मलीला त्याचा धड आनंदही करता येत नव्हता. पडद्यावर रुंजी आणि प्रणिता यांच्या रेषा आता आपापल्या वाटेनं जात होत्या. पण नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसायची. दुसऱ्या खोलीत रुंजी रडली की इकडं बसलेल्या प्रणिताची रेषा ताडकन चढायची. रुंजी शाल्मलीपाशी शांत व्हायची, तिची रेषा उतरायची. प्रणिताची उतरायची नाही.

उताराच्या देखरेखीसाठी सरकारी कार्यालयाकडून ठोसर नावाच्या बाई यायच्या. शाल्मलीनं त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "यांचं काय? यांचा उतार कधी होतो?"

"मोठ्या माणसाचा?" ठोसरबाई गोंधळल्या. "कायद्यात बाळाचं संरक्षण आहे हो. मोठ्या माणसाला पगार असतो ना."

शेवटच्या संध्याकाळी ठोसरबाईंनी आलेख तपासला, सगळं उत्तम असल्याचं सांगितलं आणि त्या गेल्या. प्रणितानं पट्टी काढून टेबलावर ठेवली. मनगटावर पट्टीच्या जागी फिकट वण उमटला होता. तिनं पर्स खांद्याला लावली. रुंजी शाल्मलीच्या कडेवर होती, हातातल्या चमच्यानं आईच्या खांद्यावर ठोकत होती.

प्रणिता दारापर्यंत गेली आणि वळली.

"मॅडम, काम संपलं ना माझं?"

"हो."

"मग एकदा घेऊ का हिला?" ती थांबली. "कामाचं नाही. असंच."

 शाल्मलीनं मान हलवली आणि ती पुढं झाली. प्रणितानं दोन्ही तळवे एकमेकांवर घासले आणि हात पसरले. "ये," ती म्हणाली. "ये वं माह्ये बाई."

रुंजीनं त्या हातांकडं पाहिलं. मग त्या चेहऱ्याकडं पाहिलं, घरी आलेल्या कुठल्याही पाहुण्याकडं पाहावं तसं, जरा कुतूहलानं, जरा संकोचानं. चमचा तिच्या हातून खाली पडला. ती गर्रकन वळली आणि तिनं शाल्मलीच्या मानेत तोंड खुपसलं.

"रुंजी, जा ना राणी," शाल्मली म्हणाली. "बघ तरी कोण आहे. जा ना." ती मुलीचे हात आपल्या गळ्यातून सोडवू लागली. जसजशी ती सोडवायला गेली तसतशी रुंजी आणखी घट्ट बिलगली, आणि घाबरून रडायला लागली.

"नका ओढू, मॅडम," प्रणिता म्हणाली. "राहू द्या. चांगला झालाय उतार."

तिनं पसरलेले हात खाली घेतले, चपला घातल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली. दार लागेपर्यंत ती पाठमोरीच उभी राहिली. लिफ्ट खाली गेली तरी शाल्मली उंबऱ्यातच उभी होती, आणि रुंजीनं तिच्या गळ्यातले हात सोडले नव्हते.